वाकड्या तोंडाची कैफियत

मित्रांनो, या जगात जे काही इंजिनावर चालते, ते माझ्या जिवावर चालते. इंजिन पेट्रोलवर चालते असे तुम्हाला शाळेत शिकवले असेल. ते अर्धेच खरे आहे. नुसते पेट्रोल काय करणार? त्याला हवा लागते. ती हवा बाहेरून घेऊन, तिचे सारखे वाटे करून, इंजिनाच्या पोटात नेऊन सोडण्याचे थोर कार्य ज्याच्याकडे असते, तो मी एक जुना इनटेक मॅनिफोल्ड आहे.

जुना म्हणजे वयाने नव्हे, अनुभवाने. वयाने मी तुमच्या घरातल्या शेंडेफळापेक्षाही लहान निघेन. आणि जगातली इंजिने म्हणाल, तर मी आजवर एकाच गाडीत बसलो आहे. ती गाडीही बरेच दिवस माझ्याच जिवावर बंद पडत असे. पण थोर कार्य ते थोर कार्य.

दिसायला मी एखाद्या बुटक्या खोडाला एकाच बाजूने चार फांद्या फुटाव्यात तसा आहे. फांद्यांच्या टोकांना चार तोंडे आहेत आणि चारही तोंडे एका सपाट पट्टीत ओळीने बसवलेली आहेत. ती इंजिनाला घट्ट चिकटून बसावी लागतात. या ‘घट्ट’ शब्दापायी माझ्यावर काय काय आळ आले, ते आता ऐका. मी माफी मागायला आलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म एका भट्टीत झाला. माझ्या पूर्वजांमध्ये खिडक्यांच्या चौकटी होत्या, चेपलेली पातेली होती, एका स्कूटरच्या इंजिनाचे झाकण होते आणि पाय तुटलेली एक घडीची खुर्चीही होती. सगळे ॲल्युमिनियमच्या घराण्यातले. वितळल्यावर कोण चौकट आणि कोण पातेले हे कळत नाही, पण खुर्चीचा अंश माझ्यात थोडा जास्त आला असावा. दुसरा कुणी आपल्यावर बसला तर मला चालते. आपल्याला कुणी कुठे बसवायला लागले की अंगात येते.

वाळूच्या साच्यातून निघालो तेव्हा माझे तोंड खडबडीत होते. ते कापून सपाट करायला मला एका यंत्रावर चढवले. त्या यंत्राला व्हाइस नावाचा लोखंडी जबडा असतो. यंत्रावरच्या माणसाला घाई होती आणि पाते बोथट होते. बोथट पात्याखाली मी थरथरू लागलो, म्हणून त्याने जबडा आणखी आवळला. इतका करकचून आवळला, की मी कमरेत वाकलो. तशा वाकलेल्या अवस्थेत त्याने माझे तोंड सपाट कापले. अगदी आरशासारखे. मग जबडा सोडला. मी सुटकेचा नि:श्वास टाकला आणि माझ्या मूळ आकारात परत आलो. कमर सरळ झाली, आणि सपाट कापलेले तोंड तेवढे वाकडे झाले.

आता तुम्हीच सांगा, यात माझे काय चुकले? आवळून धरल्यावर कोणीही सपाट दिसतो. तुमच्या वर्गातही असे पुष्कळ असतील. लोक मला वाकडा म्हणतात. मी सुटलेला आहे, एवढेच.

पुढे तपासनीस होता. त्याच्याजवळ ‘पास’ असा शिक्का होता. ‘नापास’चा शिक्का कारखान्याने करूनच घेतला नव्हता, त्यामुळे त्या बिचाऱ्याला फारसा विचार करावा लागत नसे. मी पास झालो. मला एका चकचकीत खोक्यात घातले. खोक्यावर लिहिले होते ‘ओरिजिनलसारखा’. त्यातले ‘ओरिजिनल’ दुरून दिसेल इतके मोठे होते आणि ‘सारखा’ चष्मा लावून वाचावे इतके बारीक. मित्रांनो, मी त्या ‘सारखा’त राहतो.

खोके आले ते एका गॅरेजमध्ये. खाली गॅरेज, वर बिऱ्हाड, आणि दोन्हींच्या मधे एक लोखंडी जिना. भिंतीवर प्रत्येक पान्याची जागा पांढऱ्या रंगाने आखलेली होती. पाने मात्र कधीच आपापल्या जागेवर नसत. गॅरेजच्या मालकांना सगळे भाऊ म्हणत. भाऊंच्या पत्नी वर राहत, त्या सगळ्यांच्या वहिनी. आणि ज्या गाडीसाठी मला आणले ती गाडी मॅडमची होती. मॅडम गाडी चालवायला शिकवत. त्यांची एकच गाडी होती, जुन्या घाटाची, दोन्ही बाजूंना क्लच आणि ब्रेक असलेली, पुढे-मागे शिकाऊ असल्याचे लाल अक्षर लावलेली. तिचा मूळ मॅनिफोल्ड म्हातारपणाने तडकला होता आणि कंपनीने तो बनवणे केव्हाच बंद केले होते. उरलो मी.

भाऊंनी मला खोक्यातून काढले, उजेडात धरून फिरवले आणि म्हणाले, “वा! काय फिनिशिंग आहे!”

माझे कौतुक झाले ते एवढेच. ते पुरवून पुरवून वापरतो आहे.

भाऊ वाईट मेकॅनिक नव्हते. जुना पार्ट असेल तर ते त्याला उलटा करत, पट्टी लावत, नख फिरवत, वास घेत. पण नव्या वस्तूला पट्टी लावणे म्हणजे तिचा अपमान, असे त्यांना वाटे. त्यांनी मला सरळ इंजिनावर चढवले. शेवटचा बोल्ट भोकात शिरेना, तेव्हा हातोडीच्या दांड्याने त्याची समजूत घातली. फटी बुजवणारे सिलिकॉन थोडे जास्त लावले. झाले.

गाडी सुरू झाली आणि मी शिट्टी वाजवली.

शिट्टीचे कारण सांगतो. इंजिनाला हवा मोजून द्यायची असते. जेवढी हवा, तेवढे पेट्रोल. माझ्या दुसऱ्या नंबरच्या तोंडाशी केसाएवढी फट राहिली होती. तिथून इंजिन चोरून हवा खाऊ लागले. गाडी भरधाव असते तेव्हा हवा इतकी आत येते, की ही चोरी लपून जाते. पण गाडी जागेवर उभी राहिली, इंजिन आपले सावकाश गुणगुणायला लागले, की ती चोरटी हवा भारी पडते. आवाज चढतो, उतरतो, पुन्हा चढतो, आचका देतो आणि इंजिन गप्प.

भाऊंनी प्लग बदलले. फिल्टर बदलला. पेट्रोल पंपावर जाऊन पाण्याच्या भेसळीवरून एक भांडणही केले. सगळ्यांची झडती झाली, फक्त माझी नाही, कारण मी नवा होतो. आणि भाऊ स्वतः गाडी चालवून बघत तेव्हा सगळे ठीक असे. ते गाडी पळवत, आणि उभी केली तरी त्यांचा उजवा पाय सवयीने रेसवर किंचित टेकलेला असे. त्यामुळे त्यांच्याकडून गाडी बंद पडत नसे. ती बंद पडे शिकणाऱ्यांकडून.

इथे सगळे घोडे अडले. दुसऱ्या कुठल्याही गाडीत इंजिन बंद पडले तर लोक बॉनेट उघडतात. लाल अक्षराच्या गाडीत बंद पडले तर सगळे चालवणाऱ्याच्या पायाकडे बघतात.

“क्लच झटकन सोडतात हो ही माणसं,” भाऊ मॅडमना म्हणायचे. “शिकाऊ गाडी आहे, ती बंद पडणारच. पार्ट नवा टाकलाय, त्याला काय धाड भरलीये?”

मॅडमना हे पटत नव्हते, पण पटत नाही असे सांगायला त्यांच्याकडे वेळ नसायचा. आयुष्यभर बाजूच्या सीटवर बसून त्यांचे बोलणे हुकमासारखे तुटक झाले होते. “हळू. सोडा. बघा पुढे.” घरीही त्या असेच बोलत असतील.

आणि त्यांच्या शिकणाऱ्यांमध्ये होत्या वहिनी.

वहिनींना गाडी का शिकायची होती, ते ऐकाल तर तुम्हाला ते किरकोळ वाटेल. नदीपलीकडे त्यांची थोरली बहीण राहत होती, त्यांची ताई. तिकडची शेवटची बस संध्याकाळ व्हायच्या आत सुटे. म्हणून भाऊ त्यांना गाडीने सोडायचे आणि ताईंच्या घराखाली थांबायचे. अर्ध्या तासाने खालून हॉर्न. मग दुसरा हॉर्न. तिसऱ्या हॉर्नला वहिनी चपला घालत जिना उतरायच्या आणि ताई वरून म्हणायच्या, “अगं, पुढे काय झालं ते राहिलंच की!” लग्न झाल्यापासून त्या दोघींची एकही गोष्ट शेवटापर्यंत गेलेली नव्हती. कुणाच्या तरी साखरपुड्याची एक हकिकत चालू होती. तोवर त्या जोडप्याची मुलगी कॉलेजात गेली.

वहिनींना एवढेच हवे होते, की हॉर्न आपल्या हातात असावा.

त्या परीक्षेला बसल्या. आठाच्या आकड्यातून गाडी फिरवायची होती. आठ सुरू व्हायच्या आधीच मी आचका दिला, गाडी बंद पडली, आणि वहिनी नापास झाल्या. दुसऱ्यांदा बसल्या. या वेळी चढाच्या पायथ्याशी. नापास. कारण कुणी विचारले नाही, कारण कारण सगळ्यांना माहीत होते.

“मी काय म्हणतो,” भाऊ त्या दिवशी हात पुसत म्हणाले, “प्रत्येकाला सगळंच यायला हवं असं थोडीच आहे?”

“म्हणजे?”

“म्हणजे तुझा पाय क्लचवर बसत नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मला तरी कुठे पोहता येतं?”

“तुम्ही पाण्यात उतरलाच नाहीत कधी.”

“तेच सांगतोय ना, आपल्याला जमणार नाही हे कळायला उतरावंच लागतं असं नाही. बरं, एकदा अजून बस परीक्षेला. पण तिसऱ्यांदा नापास झालीस तर हा विषय बंद. कबूल?”

वहिनी रागाने म्हणाल्या, “कबूल.” आणि मग त्यांच्या लक्षात आले की आपण काय कबूल केले. जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर त्या बराच वेळ उभ्या होत्या. मला बॉनेटच्या फटीतून त्यांची फक्त पावले दिसत होती. त्या पावलांकडे त्या स्वतःही बघत असाव्यात. आजवर ज्यांच्याबद्दल कधी तक्रार ऐकली नव्हती अशी दोन चांगली पावले, आणि आता त्यांच्यावर संशय.

परीक्षेच्या आदल्या दुपारी मॅडम गाडी दाखवायला आल्या. वहिनी वरून उतरल्या आणि मॅडमसमोर हात पुढे करून म्हणाल्या, “चावी द्या जरा.”

“अगं, ब्रेक बघायचेत मला,” भाऊ म्हणाले.

“बघा की. मी पाय बघतेय.”

वहिनी गाडीत बसल्या. हँडब्रेक ओढला, गिअर काढून घेतला, इंजिन सुरू केले. मग त्यांनी चपला काढून खाली नीट जोडीने ठेवल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि ड्रायव्हरच्या सीटवर ऐसपैस मांडी घातली. हात मांडीवर.

“हे काय?” भाऊ म्हणाले. “गाडी आहे ती, दिवाणखाना नाही.”

“बोलू नका. बघा.”

मी माझे नेहमीचे केले. शिट्टी वाजवली. आवाज चढला, उतरला, चढला. एक आचका. इंजिन गप्प.

वहिनींनी मांडी मोडली नाही.

“माझे पाय कुठे आहेत?” वहिनींनी विचारले.

“तुझ्याजवळ,” भाऊ म्हणाले.

“क्लचवर कोण होतं?”

“कुणी नाही.”

“परत लावू?”

“नको, कळलं.”

“मी परत लावते. एकदा कळलेलं तुमच्या लक्षात राहत नाही.”

परत लावले. परत बंद पडले. तिसऱ्यांदा मॅडमच म्हणाल्या, “लावा. होऊन जाऊ दे.” आणि बंद पडल्यावर इतक्या मोठ्याने हसल्या, की पलीकडच्या वेल्डरने डोळ्यांवरची काच वर करून बघितले. मित्रांनो, मी त्या दिवशी जीव तोडून बंद पडलो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बंद पडण्याने कुणाची तरी बाजू घेतली होती.

भाऊंनी डोके खाजवले. “पण पार्ट नवा आहे गं.”

“असेल. लग्न झालं तेव्हा मीसुद्धा नवीनच होते. आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून घरातल्या प्रत्येकाने मला तपासून घेतलं. मीठ बघितलं, आवाज बघितला, चालणं बघितलं. मग यालाच का सोडलात?”

भाऊंनी बॉनेट उघडले.

त्यांनी क्लीनरचा डबा घेतला आणि इंजिन चालू ठेवून माझ्या सांध्यावर जरा जरा फवारा मारत गेले. पहिल्या तोंडाशी काही नाही. दुसऱ्या तोंडाशी फवारा मारताच मी तो सुर्रकन ओढून घेतला आणि इंजिनाचा आवाज बदलला. चोरी उघडकीला आली. भाऊ तिथेच पुन्हा फवारा मारत राहिले, जणू दुसऱ्यांदा मारल्यावर मी मत बदलणार होतो.

मला खाली काढले. माझ्या तोंडावर पोलादी पट्टी आडवी धरून भाऊंनी मला ट्यूबलाइटसमोर नेले. दुसऱ्या तोंडावर पट्टीखालून पलीकडचा उजेड दिसत होता.

“होडी आहे ही,” भाऊ हळूच म्हणाले.

“आणि दोष माझ्या पायाला,” वहिनी म्हणाल्या.

भाऊंनी तावातावाने दुकानदाराला फोन लावला. तो काय म्हणाला ते मला बाकावरून स्पष्ट ऐकू आले. “काका, बसवलेला माल परत घेत नाही. आणि मी म्हणतो, आमचा गाडी गाडी भरून माल जातो, एकाची तक्रार नाही. शेवटी बसवणाऱ्याच्या हातावर असतं सगळं.”

फोन ठेवल्यावर भाऊ स्वतःच्या हातांकडे बघत बसले.

“काय म्हणाले?” वहिनींनी विचारले.

“म्हणतो, माझा हात चुकला.”

“अस्सं.”

एवढेच म्हणाल्या. पण ते ‘अस्सं’ बाकावरून घरंगळत, जमिनीवर गोल फिरत, बराच वेळ वाजत राहिले. भाऊंचे कान लाल झाले. मग ते उठले, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि म्हणाले, “उद्या सकाळी परीक्षा आहे ना? याला सुतासारखा सरळ केल्याशिवाय मी जेवायला वर येत नाही.”

“आधी जेवा. उपाशी माणसाचा हात चुकतो,” वहिनी म्हणाल्या, आणि ताट खाली घेऊन आल्या.

मला सरळ करायला काहीतरी पूर्ण सपाट हवे होते. गॅरेजमध्ये पूर्ण सपाट असे काहीच नव्हते. मॅडम म्हणाल्या, “माझ्या टेबलाची काच. घ्या. खाली नुसता चिन्हांचा तक्ता आहे.” जाड काच आली. तिच्यावर पॉलिश पेपर ताणून चिकटवला, थोडे रॉकेल शिंपडले. भाऊंनी निळ्या पेनाने माझ्या तोंडावर आडव्यातिडव्या रेघा मारल्या आणि मला पालथा घालून घासायला सुरुवात केली. जिथली शाई जाईल तो भाग उंच. जिथली राहील तो खोलगट.

एका दिशेने घासले तर मी एका बाजूने जास्त झिजेन, म्हणून मला इंग्रजी आठाच्या आकड्यात फिरवायचे होते. मराठी आठात फिरवले असते तर मी खालून उघडाच राहिलो असतो.

मी सहजासहजी सरळ झालो असे समजू नका. एकदा एका घाईतल्या माणसाने मला आवळून सरळ केले होते, त्याचे काय झाले ते मी जाणत होतो. माझ्या कडेच्या तोंडांवरची शाई गेली, पण दुसऱ्या तोंडावरच्या रेघा जशाच्या तशा. भाऊंनी पुन्हा रेघा मारल्या, पुन्हा घासले. पुन्हा तेच. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला.

“याचं दोन नंबर फार खट आहे,” ते धापा टाकत म्हणाले.

“सरका,” वहिनी म्हणाल्या. “आठ काढायची सवय तुमच्यापेक्षा मला जास्त आहे.”

त्यांनी मला दोन्ही हातांनी धरले. आवळले नाही, नुसते धरले. वजन माझे मला टाकू दिले आणि फिरवत राहिल्या. मोठे, गोल, सावकाश आठ. मॅडम बाजूला स्टुलावर बसून सवयीने सांगत होत्या, “हळू. वळवा. सरळ घ्या. आता दुसरीकडे. छान.” पेपर बदलला, पुन्हा रेघा, पुन्हा आठ. बाहेर उन्हं उतरली तेव्हा दुसऱ्या तोंडावर एकच निळा ठिपका उरला होता. मी तो शेवटपर्यंत धरून ठेवला. मग तोही गेला.

भाऊंनी पट्टी लावली. उजेड दिसला नाही. त्यांनी पट्टी उलटी केली, तिरकी केली, दुसरी पट्टी आणली. उजेड दिसला नाही.

मग त्यांनी त्या हट्टी बोल्टाचे भोक गोल कानशीने एका बाजूने जरासे मोठे केले, जेणेकरून पुन्हा कुणाची समजूत घालावी लागू नये. वाळलेले सिलिकॉन खरवडून टाकले. सांध्यात बसणारी नवी पातळ चकती, म्हणजे गॅस्केट, घातली. आणि बोल्ट आवळताना मधल्यापासून सुरुवात करून कडेला गेले, थोडे थोडे, एकदा इकडचा, एकदा तिकडचा. पहिल्यांदा मी बसलो. कुणी बसवले म्हणून नव्हे; बसायला जागा बरोबर होती म्हणून.

वहिनींनी पुन्हा चपला काढल्या, मांडी घातली आणि चावी फिरवली. शिट्टी नाही. आचका नाही. इंजिन एका सुरात गुणगुणत राहिले.

थोड्या वेळाने भाऊ म्हणाले, “झालं की. उतर आता, पेट्रोल जळतंय.”

“अर्धा तास होऊ दे. घाई असेल तर हॉर्न वाजवा.”

भाऊंनी हॉर्न वाजवला नाही. तेही बाजूच्या सीटवर येऊन बसले, आणि पाय कुठे ठेवावेत हे न सुचून त्यांनीही मांडी घातली.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी आठ काढला. चढावर गाडी थांबवली, पुन्हा निघाली, तसूभरही मागे आली नाही. मी एकदाही श्वास चोरला नाही. मॅडम फाटकाबाहेर उभ्या होत्या. त्यांच्या ओठांची हालचाल मला बॉनेटच्या फटीतून दिसत होती. “हळू. सोडा. बघा पुढे.” परीक्षा घेणारे साहेब उतरले, वहिनी त्यांच्या मागोमाग कचेरीच्या खिडकीपाशी गेल्या आणि परत आल्या त्या पास होऊन.

सुट्टीच्या दिवशी मॅडमनी गाडीची लाल अक्षरे काढली आणि चावी वहिनींना दिली. “जा. सावकाश या.” भाऊ गॅरेजच्या दारात उभे होते. त्यांना काहीतरी म्हणायचे होते. ते म्हणाले, “टायरमधे हवा बघितलीस का?” वहिनी म्हणाल्या, “बघितली.” आणि आम्ही नदीपलीकडे गेलो.

दुपार गेली. चहाची वेळ गेली. शेवटची बस येऊन गेली. वरच्या खिडकीतून दोघींचे आवाज येत होते, आणि खाली हॉर्न वाजवायला कुणी नव्हते. साखरपुड्याची ती हकिकत त्या दिवशी संपली. शेवट फारसा विशेष नव्हता म्हणे, पण दोघींनी तो पुन्हा एकदा सांगून घेतला.

दिवे लागायच्या वेळी वहिनी निघाल्या. गाडीत बसल्या, इंजिन सुरू केले, आणि ताई निरोप द्यायला म्हणून खिडकीशी वाकल्या, त्या मग दार उघडून आतच येऊन बसल्या. गप्पा पुन्हा सुरू झाल्या. इंजिन चालूच. मी गुणगुणत राहिलो. मित्रांनो, गाडी पळवणे सोपे आहे. पण कुणाचा तरी निरोप संपेपर्यंत एका जागी, एका सुरात, बंद न पडता थांबून राहणे हे खरे काम आहे, आणि ते मी करत होतो. माझे ऊर भरून आले. तुम्हाला सांगायचा बोध मी तिथेच मनात जुळवून ठेवला.

तो असा. माझी कीव करू नका. मला पट्टी लावा. नवे ते चांगलेच, असे समजून वस्तूला सोडून देऊ नका आणि वाकडे निघाले तर फेकूनही देऊ नका. आवळू नका, सावकाश घासा. आणि मुख्य म्हणजे, काही बंद पडले की समोर जो नवशिका दिसेल त्याच्या पायाकडे बोट दाखवू नका. चूक त्याची नसते. चूक कुठेतरी आत, केसाएवढ्या फटीत असते.

एवढे जुळवून होते तोच ताई म्हणाल्या, “साहेब खूश झाले असतील नाही, या वेळी गाडी बंद पडली नाही म्हणून?”

वहिनींनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिले. मग आवाज खाली आणला. शिट्टी बंद झाल्यापासून मला चालू इंजिनातही सगळे ऐकू येते.

“कुणाला सांगणार नसशील तर सांगते. यांना तर मुळीच नाही.”

“नाही सांगत. बोल.”

“मीच विचारलं साहेबांना. म्हटलं, बघितलंत ना, एकदाही बंद नाही पडली! तर म्हणाले, बाई, बंद पडली म्हणून आम्ही कुणाला नापास करत नाही. नवीन माणसाची पडतेच.”

“अगं बाई! मग दोन वेळा नापास कशाबद्दल केलं?”

“निघताना इंडिकेटर दिला नव्हता मी. दोन्ही वेळा. या वेळी नेमका दिला गेला.”

मित्रांनो, इंडिकेटरची वायर माझ्या जवळूनसुद्धा जात नाही.